लेणी दाखवायचा परवाना कोणाकडे?

इतिहास पुस्तकात लिहिला जातो हे खरे, पण तो सामान्य माणसापर्यंत पोहोचतो गाईडच्या तोंडून. वेरूळला, कार्ल्याला, नाशिकला येणारा पर्यटक शिलालेखांचे खंड वाचून येत नाही. तो तास-दीड तास थांबतो, गाईड सांगेल ते ऐकतो, फोटो काढतो आणि तेच खरे मानून घरी जातो. म्हणून गाईडचा परवाना ही पर्यटन खात्यातली किरकोळ बाब नाही. आपल्या पूर्वजांच्या वारशाबद्दल बोलण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे, असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाशी बाबासाहेबांचा स्वतःचा संबंध आला होता. 1934 साली ते चळवळीतल्या सुमारे तीस सहकाऱ्यांबरोबर सहलीला निघाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची, असा बेत होता. निजामाच्या राज्यातून जाताना आपण कोण आहोत हे शक्यतो उघड करायचे नाही, असेही ठरले होते. लेणी पाहायला जाणाऱ्या माणसांना आपली ओळख लपवून प्रवास करावा लागत होता! वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून दाराजवळच्या तलावाच्या पाण्याने काहींनी हातपाय धुतले. लगेच एक वृद्ध मुस्लिम गृहस्थ ओरडत आला आणि जमाव गोळा झाला. 'ढेड' हा शब्द शिवी म्हणून वापरून तलाव बाटवल्याचा आरोप झाला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला सोबत एक हत्यारबंद शिपाई. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. हिंदूंनी पाळलेली अस्पृश्यता इतर धर्मीयांपर्यंत कशी पोहोचली, हे त्यातून त्यांना दाखवायचे होते. देशातल्या सर्वात विद्वान पर्यटकाला त्या दिवशी वाटाड्या मिळाला नाही, पहारेकरी मिळाला.

आता पुढची गोष्ट बघा. तलावावर जो शब्द शिवी म्हणून फेकला गेला, तोच शब्द वेरूळच्या बौद्ध लेण्यांना चिकटलेला होता. 1880 साली फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी भारतातल्या लेण्यांवर मोठा ग्रंथ काढला. त्यात वेरूळच्या दक्षिण टोकाच्या बौद्ध लेण्यांचा गट 'ढेडवाडा' या नावाने येतो. लेणे क्रमांक 5 तर आजही प्रवासी पुस्तकांत 'महारवाडा' म्हणून ओळखले जाते. पावसाळ्यात तिथे महार लोक आसरा घेत, असे कारण दिले जाते. ज्या प्रशस्त दालनात भिक्खूंसाठी दगडी बाकांच्या दोन लांबच लांब रांगा कोरल्या आहेत, त्याला गावकुसाबाहेरच्या वस्तीचे नाव मिळाले. क्रमांक 10 चे चैत्यगृह 'विश्वकर्मा' आणि 'सुतार की झोपडी' झाले. बुद्ध आत बसलेला आहे, पण दारावरच्या पाटीवर त्याचे नाव नाही!

गाईडला कायदा लागू होण्याआधी आपल्या देशात हे काम कोण करत होते? तीर्थक्षेत्रात यात्रेकरूला फिरवणारा, त्याच्या घराण्याची नावे वहीत ठेवणारा आणि स्थळाचे माहात्म्य सांगणारा तीर्थोपाध्याय. त्याचा परवाना जन्माने मिळत होता. तो बापाकडून मुलाकडे जायचा, त्याला परीक्षा नव्हती आणि पुरावाही लागत नव्हता. त्याच नाशिकमध्ये 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि मंदिराची दारे आपल्यासाठी बंद राहिली. शहराजवळच त्रिरश्मी डोंगरावर 24 लेणी उभी होती. त्यांना मात्र 'पांडवलेणी' म्हटले जात होते.

त्या डोंगरातला दगड काय सांगतो? क्रमांक 3 चे लेणे गौतमी बलश्रीने, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, भिक्खुसंघाला दान दिल्याचा लेख तिथेच आहे. क्रमांक 10 च्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. त्या 2000 च्या व्याजातून वीस भिक्खूंच्या चीवरांचा खर्च भागायचा होता. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याची नोंद आहे. म्हणजे ज्या काळात विणकरांकडे राजघराण्याच्या ठेवी असत आणि सुताराचे नाव दगडात कोरले जाई, त्या काळाचे हे दस्तऐवज आहेत. 'पांडवांनी एका रात्रीत कोरली' या एका वाक्यात विणकर गेला, सुतार गेला, गौतमी बलश्री गेली आणि बुद्धही गेला. दंतकथा दिसायला निरुपद्रवी असते, पण ती श्रमणाऱ्यांचे नाव पुसून टाकते.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले का? कायद्यात नक्कीच बदलले. संविधानाच्या कलम 15 आणि 17 मुळे दौलताबादची अट आज कोणी घालू शकत नाही. कलम 19 ने कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क दिला. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली 1959 चे नियम आले. त्यानुसार संरक्षित स्मारकात मोबदला घेऊन पाहुण्यांना फिरवायचे तर पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना लागतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने प्रादेशिक पातळीवरच्या गाईडांचीही व्यवस्था केली. त्यांना ग्वाल्हेरच्या पर्यटन संस्थेमार्फत प्रशिक्षण मिळू लागले. जन्माचा परवाना गेला आणि शिक्षणाचा आला. ही क्रांती छोटी नाही.

पण इथेच एक पळवाट राहिली. परवाना माणसाला मिळतो, त्याच्या कथेला नाही. प्रशिक्षणात इतिहास असतो, मात्र लेण्यात उभे राहिल्यावर गाईड काय बोलतो ते तपासायला सोबत कोणी नसते. त्याची कमाई पर्यटकाच्या खुशीवर असते आणि पर्यटक खूश होतो ओळखीची गोष्ट ऐकून. टूर ऑपरेटरचे तर त्याहून सोपे आहे. मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक आहे. ती देताना भांडवल, उलाढाल, कार्यालय आणि कर्मचारी पाहिले जातात. सहलीत कोणत्या लेण्याला किती वेळ द्यायचा हे तोच ठरवतो. वेरूळला मुख्य दारासमोरच कैलास आहे, क्रमांक 16. बस सुटायची घाई असली की क्रमांक 1 ते 12 ची बौद्ध लेणी 'वेळ उरला तर' या यादीत जातात. कोणी बंदी घातली नाही, तरी इतिहास वगळला गेला!

काही मित्र म्हणतील, गाईड पोटासाठी काम करतो, त्याच्यावर कशाला राग? बरोबर आहे. त्याच्याशी भांडण नाहीच. प्रश्न असा आहे की ती जागा आपण का सोडली? फेसबुकवर 'लेणी आमची' असे लिहिणारे हजारो आहेत. पण ब्राह्मी लिपी शिकलेले किती? इंग्रजी, जपानी किंवा थाई बोलून परदेशी उपासकाला कार्ल्याचा दगड वाचून दाखवतील असे किती? बाबासाहेबांनी 1950 साली मिलिंद महाविद्यालय काढले ते वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरच्या शहरात, औरंगाबादला. त्या परिसराला नागसेनवन नाव दिले. नागसेनाने राजा मिलिंदाला उत्तरे दिली ती आवाज चढवून नव्हे, युक्तिवादाने.

म्हणून तरुण मित्रांनो, काम स्पष्ट आहे. लिपी शिका, लेखांची वाचने पाठ करा, रीतसर परवाना काढा. आपल्या वस्तीतल्या सहली स्वतः आखा आणि त्यात बौद्ध लेण्यांना पहिला वेळ द्या. चुकीचे फलक दिसले तर शिलालेखाचा हवाला देऊन पुरातत्त्व खात्याकडे लेखी अर्ज करा. दंतकथा सांगणाऱ्याशी हुज्जत घालू नका. त्याच्या शेजारी उभे राहून पर्यटकाला फक्त भिंतीवरचा लेख दाखवा. 1934 साली आपल्यासोबत शिपाई होता, कारण आपण पाण्याला हात लावू अशी त्यांना भीती होती. आज परवान्याचे दार कायद्याने उघडे आहे. त्यातून आत जाऊन बोलायचे की बाहेर थांबून दुसऱ्याची गोष्ट ऐकायची, हे आता आपल्यालाच ठरवायचे आहे.

जय भीम!