जुन्या डेस्कटॉपमध्ये आधी काय बदलायचं: एसएसडी, रॅम की अख्खं मशीन?

समजा, तळोजा फेज-१ मधल्या तुमच्या घरी कोपऱ्यात एक डेस्कटॉप आहे. दादा कॉलेजला गेला तेव्हा, म्हणजे २०१४ च्या आसपास घेतलेला. चौथ्या जनरेशनचा कोअर आय३, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क आणि एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड. आता त्यावर तुम्हाला सीईटीची मॉक टेस्ट द्यायची आहे आणि बाबांना टॅली चालवायचं आहे. पण बटण दाबून चहा करून आलं तरी मशीन अजून सुरूच होतंय!

घरून पैसे एकदाच मिळणार. दुकानदार म्हणतो रॅम वाढव, मित्र म्हणतो ग्राफिक्स कार्ड टाक. कोणाचं ऐकायचं? कोणाचंच नाही. आधी मशीनलाच विचारा. आणि प्रत्येक पार्ट घेताना एक प्रश्न विचारा: हा पार्ट उद्याच्या नव्या मशीनमध्ये नेता येईल का?

पायरी १: अडतंय कुठे ते बघा

फोन स्लो झाला तर आपण आधी स्टोरेज बघतो ना? तसंच इथे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' टॅबवर जा आणि रोजची कामं सुरू ठेवून पाच मिनिटं आकडे बघा.

- डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत: हार्ड डिस्क मागे पडतेय.
- मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर: रॅम कमी पडतेय. रॅम भरली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरतं, मग डिस्कही अडकते.
- प्रोसेसर सतत १०० टक्के: आधी व्हायरस स्कॅन करा. तरीही तसंच राहिलं, तर प्रोसेसर खरंच कमी पडतोय.

'मेमरी'वर क्लिक केलं की किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. तो आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल.

पायरी २: खर्चाआधी साफसफाई

तळोज्यात एका बाजूला एमआयडीसी, दुसरीकडे नव्या इमारतींची कामं, त्यात ट्रकची वर्दळ. कॅबिनेट उघडलं की फॅनवर धुळीचा थर सापडण्याची शक्यता भरपूर. धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो.

प्लग काढा, कॅबिनेट गॅलरीत न्या आणि मऊ ब्रश किंवा ब्लोअरने धूळ काढा. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा. रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते. पावसाळ्यानंतर मशीन सुरूच होत नसेल, तर रॅम काढून तिचे सोनेरी कॉन्टॅक्ट खोडरबरने हलकेच पुसा आणि परत बसवा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं.

आणि दरवेळी तारीख चुकत असेल, ब्राउझर प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल सेल संपलाय. तो बदलला की विषय संपला.

पायरी ३: पहिला खर्च एसएसडीवर

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि डेटा शोधायला हेड जागा बदलतं. प्रत्येक वेळी साधारण १० मिलिसेकंद जातात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, तिथे हेच काम सुमारे ०.१ मिलिसेकंदात होतं. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल वाचल्या जातात, म्हणून फरक लगेच जाणवतो.

पण दुकानात नुसतं 'एसएसडी द्या' म्हणू नका. एवढ्या जुन्या बोर्डवर एम.२ स्लॉट सहसा नसतो. त्यामुळे २.५ इंची साटा एसएसडी मागा. एच८१ चिपसेटमध्ये चार साटा पोर्टपैकी दोनच ६ गिगाबिटचे असतात. मदरबोर्डवरची छापील अक्षरं वाचून एसएसडी त्यातल्याच एका पोर्टला लावा.

जुनी हार्ड डिस्क टाकू नका. फोटो आणि सिनेमांसाठी दुसरी ड्राइव्ह म्हणून ठेवा. मात्र ती टकटक आवाज करत असेल, तर आज सगळ्यात आधी फोटोंचा बॅकअप घ्या. अपग्रेड उद्या करता येईल, गेलेले फोटो परत येणार नाहीत.

नव्या मशीनला नेता येईल? हो.

पायरी ४: रॅम, पण हिशोबात

४ जीबीवर आजचा ब्राउझर दमतो, ८ जीबीवर अभ्यासाची आणि ऑफिसची कामं नीट होतात. स्लॉट रिकामा असेल तर ४ जीबीची आणखी एक स्टिक पुरेशी आहे. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसतच नाही, दोन्हींची खाच वेगळ्या ठिकाणी असते.

२०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे नव्या रॅमचे भाव चढलेत. डीडीआर३ साठी सेकंडहँड स्टिक चालेल, पण दुकानातच लावून बघा.

नव्या मशीनला नेता येईल? नाही. म्हणून १६ जीबीच्या मोहात पडू नका.

पायरी ५: इथे थांबा

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डवर पैसे घालण्याआधी हे वाचा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली, तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत जाहीर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या जनरेशनचा किंवा त्यानंतरचा, किंवा साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचा लागतो. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' ॲप हे मोफत तपासून देतं.

आपला चौथ्या जनरेशनचा आय३ या यादीत नाही. त्याच सॉकेटमध्ये सेकंडहँड आय७ बसवला, तरी तोही यादीबाहेरच. मदरबोर्ड बदलायचा म्हटलं तर प्रोसेसर आणि रॅमही नवी लागते आणि मशीनसोबत आलेलं विंडोजचं लायसन्सही अडू शकतं. तो अपग्रेड नाही, हप्त्याहप्त्याने घेतलेलं नवं मशीनच झालं.

ग्राफिक्स कार्ड फक्त गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी. त्यातही वेगळी पॉवर केबल न लागणारं, म्हणजे स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट घेणारं कार्ड बघा. दहा वर्षं जुन्या एसएमपीएसवर मोठं कार्ड लावलं, तर मशीन गेम सुरू असतानाच बंद पडू शकतं. चांगला एसएमपीएस घेतला, तर तो बहुतेक वेळा पुढच्या मशीनला चालतो.

मग निर्णय काय?

- आठवं जनरेशन किंवा नवं: एसएसडी, ८ ते १६ जीबी रॅम, विंडोज ११. मशीन अजून काही वर्षं आरामात चालेल.
- त्याहून जुनं, काम ब्राउझर आणि अभ्यासाचं: साटा एसएसडी, ८ जीबी रॅम आणि लिनक्स मिंट. ते मोफत आहे, मराठी टायपिंगही होतं.
- त्याहून जुनं, पण विंडोजच हवं (उदा. टॅली): फक्त एसएसडी घ्या आणि उरलेले पैसे नव्या मशीनसाठी बाजूला ठेवा.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जायचं असेल, तर पेंधरहून मेट्रोने बेलापूर, तिथून हार्बरने सीएसएमटी आणि पुढे बस किंवा टॅक्सी. एवढं लांब जाताना मदरबोर्डचा मॉडेल नंबर, रॅमवरचं लेबल आणि एसएमपीएसचं स्टिकर यांचे फोटो फोनमध्ये काढून न्या. दुकानदाराने 'हेच बसेल' म्हटलं की फोटो दाखवून खात्री करा आणि वॉरंटीसाठी पक्कं बिल मागा.

निघालेले खराब पार्ट भंगारात देऊ नका. अधिकृत ई-कचरा रिसायकलरची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर मिळते. हार्ड डिस्क देण्याआधी तिच्यातला डेटा मात्र पूर्ण पुसायला विसरू नका.