माळरानाची अभयारण्ये

दख्खनच्या पर्जन्यछायेतील माळरानावर केवळ पशुपक्षी पाहण्यासाठी जाण्याची रीत अलीकडची आहे. पूर्वी माळावर जाणारा धनगर तरी असे, नाहीतर शिकारी. मराठेशाहीत घोडदळाच्या वैरणीसाठी कुरणे राखली जात. पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांचे मोल त्या काळाने ओळखले होते. इंग्रजी अमदानीत हा हिशेब बदलला. ज्या जमिनीतून इमारती लाकूड निघत नाही आणि पुरेसा साराही मिळत नाही, ती पडीक ठरली. माळाचे पुढचे बरेचसे नुकसान या एका शिक्क्यातून झाले.

शिकार तर मोकाट होती. रॉबर्ट मॅन्सफिल्ड या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात एकट्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होई आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले गेले. स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या आल्या, नांगराखालचे क्षेत्र वाढले आणि उरलेसुरले कळपही पांगले. माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करावे, असा पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा आग्रह होता. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. माळाकडे देशाचे लक्ष वळण्याची मोठी संधी तेव्हा हुकली.

संरक्षणाची सुरुवात सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली तिथले काही माळ चराईसाठी बंद झाले, गवत वाढले आणि त्यात माळढोक दिसू लागले. मूळ हेतू मृदसंधारणाचा असला, तरी त्याचा लाभ पक्ष्यालाही झाला. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून उंचवट्यावर उभा राहतो आणि त्याचा खोल घुमारा दूरवर जातो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे एक कुत्रे किंवा एक चुकार कळपही एका मादीची त्या हंगामाची वीण बुडवू शकतो.

१९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि त्यात शेते, गावे, मोठ्या वस्त्याही आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधावर हा पक्षी वावरत होता, त्याच्याच मनात पक्ष्याविषयी अढी बसली. हद्द आखताना झालेली ही चूक महागात पडली. २०१२ च्या सुमारास क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

लहान अभयारण्यांचा अनुभव निराळा आहे. कर्जतजवळचे रेहेकुरी १९८० मध्ये काळविटांसाठी राखले गेले. त्याचे क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. तरीही तिथे काळवीट टिकले आणि वाढले, इतके की आसपासच्या पिकांचे नुकसान हा नवा प्रश्न उभा राहिला. बारामती तालुक्यातील सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकारांसाठी घोषित झाले. पुण्याहून सकाळी निघून दुपारी परतता येत असल्याने छायाचित्रकार आणि पक्षिनिरीक्षक तिथे नियमित जाऊ लागले. हिवाळ्यात माळावर उतरणारे पाहुणे भोवत्ये, खोकड, क्वचित लांडगा, हे त्यांचे मुख्य आकर्षण.

याच काळात वनीकरणाच्या उत्साहात कित्येक माळांवर ग्लिरिसिडियासारखी परकी झाडे लावली गेली. मोकळ्या रानातून दूरवरचा धोका हेरणाऱ्या काळविटांना आणि माळढोकांना दाट झाडी अडचणीची ठरते, ही गोष्ट उशिरा पटली. अलीकडे पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. तिथे ठरलेल्या वाटांवरूनच गाडी जाते आणि सोबत स्थानिक वाटाड्या असतो. ज्या गावांनी आजवर निर्बंधच सोसले, त्यांना त्यातून काही मिळकत होऊ लागली आहे.