साखळी आणि चढाई : कबड्डीतील सांघिक समन्वय व डावपेचांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सांघिक खेळांच्या इतिहासलेखनात बहुधा दोन गोष्टींनाच स्थान मिळते. एक म्हणजे विजेत्या संघांची नामावली आणि दुसरी म्हणजे थोर खेळाडूंची चरित्रे. संघ का जिंकला, या प्रश्नाचे उत्तर मग एखाद्या खेळाडूच्या पराक्रमात शोधले जाते आणि त्या पराक्रमाला आधार देणारी सांघिक रचना दुर्लक्षित राहते. महाराष्ट्रात ‘हुतूतू’ या नावाने पिढ्यानपिढ्या खेळल्या गेलेल्या कबड्डीच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. प्रेक्षकाचे लक्ष एकट्याने शत्रुपक्षात शिरणाऱ्या चढाईपटूकडे असते. त्याला अडवणारे सात जण मात्र ‘बचाव’ या एका शब्दात सामावले जातात. व्यावसायिक स्पर्धांच्या आगमनानंतर खेळाडूंच्या बोली लागू लागल्या आणि हा दृष्टिभेद पैशांच्या भाषेत मांडला जाऊ लागला. कबड्डीतील यशाचे मूळ कशात आहे, हा प्रश्न त्यामुळे आज केवळ क्रीडारसिकांचा राहिलेला नाही. तो शिक्षणसंस्था, प्रशिक्षक आणि क्रीडा-इतिहासाचे अभ्यासक या सर्वांचा झाला आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) कबड्डीच्या नियमांच्या जडणघडणीतून सांघिकता कशी आकाराला आली, हे तपासणे.
२) बचावातील समन्वय व डावपेच यांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) प्रो कबड्डी लीग व आशियाई क्रीडा स्पर्धांतील निवडक उदाहरणांच्या आधारे व्यक्तिगत कौशल्य आणि सांघिक यश यांचा संबंध पाहणे.

नियमांची जडणघडण : संजीवनीची निवड

कबड्डी हा खेळ भारतात अनेक नावांनी व अनेक पद्धतींनी खेळला जात असे. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडु, तमिळ प्रदेशात चडुगुडु अशी त्याची नावे होती. खेळाच्या पद्धतींमध्ये तीन प्रमुख होत्या. ‘गामिनी’ पद्धतीत बाद झालेला खेळाडू परत येत नसे. ‘अमर’ पद्धतीत खेळाडू बाद झाला तरी मैदान सोडत नसे, फक्त प्रतिपक्षाला गुण मिळे. ‘संजीवनी’ पद्धतीत मात्र प्रतिपक्षाचा खेळाडू बाद झाला की आपला बाद झालेला खेळाडू पुन्हा मैदानात येई.

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात या खेळाला नियमबद्ध करण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून अखिल भारतीय स्तरावरील स्पर्धा भरविली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने या खेळाचे प्रात्यक्षिक सादर केले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९५२ मध्ये पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघ अस्तित्वात आला. या वाटचालीत महाराष्ट्रातील शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे योगदान सर्वश्रुत आहे. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीचा पदकांच्या खेळांत समावेश झाला.

या इतिहासातील सर्वांत निर्णायक बाब म्हणजे राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय नियमांसाठी संजीवनी पद्धतीचा झालेला स्वीकार होय. त्याचे परिणाम खोलवर जाणारे आहेत. गामिनी पद्धतीत बाद झालेल्या खेळाडूचा संघाशी असलेला संबंध त्या डावापुरता तुटतो. अमर पद्धतीत उत्तम चढाईपटू अखंड मैदानात राहतो, त्याला कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. संजीवनीत मात्र कितीही थोर चढाईपटू असला, तरी एकदा पकडला गेला की त्याला मैदानाबाहेर बसावे लागते. त्याचे पुनरागमन त्याच्या हाती नसते. खेळाडू ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत येत असल्याने, आपली पाळी येईपर्यंत सहकारी गुण मिळवतील याची वाट पाहण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. सर्व सात खेळाडू बाद झाल्यास प्रतिपक्षाला लोणाचे दोन अधिक गुण मिळतात, ते वेगळेच. संजीवनी पद्धतीच्या स्वीकारामुळे नायकाचे मैदानातील आयुष्य सामान्य सहकाऱ्यांच्या कामगिरीशी बांधले गेले. कबड्डी खऱ्या अर्थाने सांघिक खेळ झाली ती या नियमामुळे, असे म्हणता येईल.

बचावाचे व्याकरण

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूस साडेसहा मीटरचा पट्टा येतो आणि तेवढ्या जागेत सात बचावपटूंनी एका चढाईपटूला ३० सेकंदांच्या आत रोखायचे असते. संख्याबळ सातास एक असे असूनही हे काम अवघड आहे. याचे कारण नियमातच दडलेले आहे. पकड फसली, तर चढाईपटूला स्पर्श झालेला प्रत्येक बचावपटू बाद ठरतो. म्हणजे सहकाऱ्याने सुरू केलेल्या पकडीला साथ देणारा प्रत्येक जण स्वतःचे मैदानातील स्थान पणाला लावत असतो. साथ दिली नाही तर पहिला एकटा पडतो. उशिरा साथ दिली तर एकाऐवजी तीन जण बाद होतात. हा निर्णय क्षणार्धात आणि बहुधा एकही शब्द न बोलता घ्यावा लागतो.

या अडचणीवर शोधलेला उपाय म्हणजे साखळी. कोपरारक्षक व त्याच्या शेजारचा खेळाडू परस्परांचा हात धरून उभे राहतात, मध्यरक्षक किंचित पुढे सरकून अर्धवर्तुळ पूर्ण करतात. या हात धरण्याला दुहेरी अर्थ आहे. त्यामुळे चढाईपटूला जोडीतून निसटण्याची वाट मिळत नाही आणि एकाच्या हालचालीची सूचना दुसऱ्याला स्पर्शातून मिळते. कोपरारक्षकाचे काम घोटा किंवा मांडी धरण्याचे असते, मध्यरक्षकाचे काम धडक देण्याचे किंवा परतीची वाट अडविण्याचे असते. चढाईपटू बोनस रेषेवर पाय टाकू लागला की त्याचा दुसरा पाय हवेत असावा लागतो. तोल अस्थिर असलेला तो क्षण कोपरारक्षक हेरतो. मात्र त्याने घोटा धरल्यावर मध्यरक्षक वेळेवर पोहोचला नाही, तर बलदंड चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत सहज नेतो. पकडीचा गुण नोंदला जातो तो एकाच्या नावावर, पण तो मिळवलेला असतो किमान दोघा-तिघांनी. आकडेवारीवरून संघाची योग्यता जोखताना होणारी चूक येथूनच सुरू होते.

व्यावसायिक पर्व : नियम आणि नवे डावपेच

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगला प्रारंभ झाला. दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकांसाठी खेळ वेगवान व्हावा, या हेतूस पूरक अशा नियमांना लीगमध्ये महत्त्व आले. सलग दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे अनिवार्य ठरले, अन्यथा चढाईपटू बाद होतो. बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना पकड यशस्वी झाली, तर तिला ‘अव्वल पकड’ म्हणून दोन गुण मिळू लागले.

वरवर पाहता हे नियम आक्रमणाला उत्तेजन देणारे वाटतात. प्रत्यक्षात त्यांनी बचावालाही नवी शस्त्रे दिली. संयमी संघ पहिल्या दोन चढायांत पकडीचा मोह टाळून अंतर राखू लागले. मग तिसऱ्या चढाईला प्रतिस्पर्धी सक्तीने आत येतो आणि सापळा तयार असतो. तीन खेळाडू उरलेला संघ पूर्वी लोणाच्या छायेत खचून जात असे. आता त्याच स्थितीत दोन गुण मिळवून सामना फिरवण्याची संधी दिसू लागली. नियमांतील बदल आणि त्यांवर संघांनी शोधलेला तोडगा, या क्रमातूनच डावपेचांचा इतिहास घडत जातो.

लीगमधील निवडक उदाहरणे

व्यक्तिगत पराक्रमाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालचा आहे. २०१७ च्या पाचव्या हंगामात त्याने चढाईत ३६९ गुण मिळवले. हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात एका चढाईत आठ गुण घेण्याचा विक्रमही त्याच्या नावावर जमा झाला. पाटण्याने अंतिम सामन्यात गुजरातला ५५-३८ असे नमवून सलग तिसरे विजेतेपद मिळवले. हे उदाहरण नाकारता येणार नाही, परंतु पुढील घडामोडी तितक्याच बोलक्या आहेत. २०१९ च्या सातव्या हंगामात प्रदीपने पुन्हा ३०० हून अधिक गुण मिळवले, तरीही पाटणा बाद फेरीत पोहोचू शकला नाही. २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख रुपयांच्या, तेव्हाच्या विक्रमी बोलीवर प्रदीप यूपी योद्धा संघात गेला. त्याच आठव्या हंगामात प्रदीपविना खेळणारा पाटणा संघ साखळी गुणतक्त्यात अव्वल ठरला, उपान्त्य फेरीत त्याने यूपी योद्धालाच हरवले आणि अंतिम सामना दबंग दिल्लीविरुद्ध केवळ एका गुणाने, ३६-३७ असा गमावला. या पाटण्याचे बलस्थान बचाव होते. त्याचा इराणी कोपरारक्षक मोहम्मदरझा शादलू त्या हंगामातील सर्वोत्तम बचावपटू ठरला.

दुसरे उदाहरण पवन सेहरावतचे आहे. २०२२ च्या नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख रुपये मोजले. पहिल्याच सामन्यात तो जखमी झाला आणि उर्वरित हंगामाला मुकला. ज्याच्याभोवती संघ बांधला तोच गेल्यावर थलैवाजचा हंगाम संपल्यातच जमा होता. परंतु तरुण नरेंदरने चढाईची धुरा उचलली, बचाव हळूहळू जुळत गेला आणि संघाने प्रथमच उपान्त्य फेरी गाठली. पुढच्या हंगामात तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६०.५ लाख रुपयांना घेतले. तो संघ २२ पैकी अवघे दोन सामने जिंकून तळाशी राहिला. दोन्ही हंगामांत खेळाडूची गुणवत्ता वादातीत होती. फरक पडला तो त्याच्या मागे उभ्या असलेल्या, अथवा नसलेल्या, साखळीमुळे.

त्याच दहाव्या हंगामात १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या या संघात चढाईचा भार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते व आकाश शिंदे यांच्यात विभागलेला होता. चढाईत सर्वाधिक २७६ गुण मिळवणारा आशू मलिक दिल्लीचा होता, विजेत्या पुण्याचा नव्हे. एक चढाईपटू बाद झाला तरी दुसरा तयार असल्याने पुण्याच्या आक्रमणाला खंड पडत नसे. शादलू याच संघात होता. पुढच्या हंगामात तो हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा विजेता ठरला. हा पुन्हा एका खेळाडूचाच महिमा नव्हे काय, असा आक्षेप येथे संभवतो. तो अंशतः मान्य करावा लागेल. मात्र कोपरारक्षकाचे कौशल्य साथीशिवाय फळत नाही, हे ध्यानात घेतले असता उत्तम बचावपटूची निवड ही पर्यायाने साखळीचीच निवड ठरते.

जकार्ता २०१८ : पराभवाचा धडा

१९९० पासून २०१४ पर्यंत झालेल्या सातही आशियाई स्पर्धांत भारताच्या पुरुष संघाने सुवर्णपदक जिंकले होते. २०१८ मध्ये जकार्ता येथे उपान्त्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे हरवले. नामवंत चढाईपटूंच्या संघाला अवघे अठरा गुण मिळावेत, ही इराणच्या बचावाची किमया होती. फजल अत्राचालीसारखे इराणी खेळाडू लीगमध्ये भारतीय चढाईपटूंचे सहकारी वा प्रतिस्पर्धी म्हणून वावरले होते. कोण कोणत्या पायाने पुढे येतो, कोणाची डुबकी कोणत्या बाजूने असते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

त्याच स्पर्धेत महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे नमवले. त्या संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. महाराष्ट्रात घडलेले प्रशिक्षणाचे ज्ञान परदेशी संघाने आत्मसात केले आणि त्याच्या बळावर भारतालाच हरवले, ही घटना क्रीडा-इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. डावपेच ही कोणाची वडिलोपार्जित मालमत्ता नसते. शिकण्यास व शिस्तीने अमलात आणण्यास जो संघ तयार असतो, त्याची ती होते.

२०२३ मध्ये हांगझोऊ येथे भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळवली. पुरुषांच्या अंतिम सामन्यात २८-२८ अशी बरोबरी असताना पवन सेहरावतच्या तिसऱ्या चढाईत स्पर्शाविना राखीव क्षेत्रात गेलेल्या खेळाडूंविषयी वाद झाला आणि सामना दीर्घकाळ थांबला. अखेर भारत ३३-२९ असा विजयी झाला. नियमाच्या एका कलमाचा अर्थ सुवर्णपदकाचा निर्णय करू शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले. नियमांचे ज्ञान हाही डावपेचांचाच भाग होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात :

१) कबड्डीतील सांघिकता ही केवळ नैतिक शिकवण नाही. संजीवनी पद्धतीच्या स्वीकारातून ती खेळाच्या रचनेतच रुजलेली आहे.
२) असामान्य चढाईपटू सामना, प्रसंगी एखादा हंगामही जिंकून देऊ शकतो. तथापि साखळी दुबळी असल्यास त्याच्या गुणांचे विजयात रूपांतर होत नाही.
३) नियमांतील प्रत्येक बदल नवे डावपेच जन्माला घालतो. ते आधी ओळखणारा संघ पुढे जातो, मग तो परंपरेने बलाढ्य असो वा नसो.
४) आकडेवारी व बोलीची रक्कम यांतून पकडीला साथ देणाऱ्या खेळाडूचे मोल पुरेसे दिसत नाही.

शेवटचा मुद्दा महाविद्यालयीन क्रीडाशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आंतरमहाविद्यालयीन संघाच्या निवड चाचणीत एकट्याने चढाई करून दाखवणारा विद्यार्थी सहज नजरेत भरतो. सहकाऱ्याने घोटा धरताच क्षणाचाही विलंब न लावता धावून जाणारा विद्यार्थी चाचणीच्या कागदावर दिसत नाही. त्याला ओळखायचे तर सात जणांना एकत्र उभे करून, हातात हात देऊन, दीर्घकाळ खेळू द्यावे लागते. हुतूतूला नियमबद्ध करणाऱ्या पिढीने संजीवनीची निवड करून खेळाचा पाया याच परस्परावलंबनावर घातला. व्यावसायिकतेच्या झगमगाटात त्या निवडीचा अर्थ विसरला जाणार नाही, याची जबाबदारी प्रशिक्षकांइतकीच अध्यापकांवरही आहे.