पोट

पोट (नाम, नपुं.) : छातीखालचा, जठर व आतडी सामावणारा शरीराचा भाग. लक्षणेने भूक, उपजीविका, गर्भ, अंतःकरण आणि कोणत्याही वस्तूची आतली बाजू.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘कुक्षी’पासून मराठीत ‘कूस’ आली, पोट मात्र प्राकृत ‘पोट्ट’पासून. हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त हा शब्द भरण्याच्या क्रियापदासह येतो, म्हणजे ‘पोट भरणे’ हा प्रयोग मराठीहूनही जुना. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘देशीनाममाले’त तो नोंदवला. हिंदी-गुजरातीत पेट, मराठी-कोंकणीत पोट. द्राविड कुळातल्या तेलुगूतही पोटाला ‘पोट्ट’च म्हणतात. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळच्या सिरोंचात मराठी आणि तेलुगू दोन्ही नांदतात. तिथे पोटाचे दुखणे कोणत्याही भाषेत सांगितले तरी कळते.

उपजीविका : धानाची रोवणी, मोहफुले वेचणे, तेंदूपत्ता तोडणे या हंगामांवर जगणाऱ्यांचे ‘हातावर पोट’ असते. काम मिळाले की माणूस पोटापाण्याला लागतो. ते हिरावणे म्हणजे पोटावर पाय देणे. पोटाला चिमटा घेऊन आईबाप मुलांना शिकवतात.

मन आणि नाते : अपराध पोटात घालतात, गुपित पोटात ठेवतात. भीतीने पोटात गोळा येतो, दुसऱ्याचे बरे झाले की मत्सरी माणसाच्या पोटात दुखते. कळकळीने बोलणारा पोटतिडकीने बोलतो. स्वतःचे मूल ते पोटचे. विदर्भात मुलाला पोट्टा, मुलीला पोट्टी म्हणतात. बोलणाऱ्याच्या कानाला हे शब्दही पोटाजवळचेच वाटतात.

शेती आणि दप्तर : लोंबी बाहेर पडण्याआधी धानाचा दांडा वरच्या पानाच्या आवरणात फुगतो, त्या अवस्थेला पोटरी म्हणतात. पायाच्या पिंडरीलाही पोटरीच. सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य क्षेत्र ‘पोटखराब’ म्हणून लागते, सर्व्हे नंबरचा तुकडा ‘पोटहिस्सा’ होतो. कागदावर पोटखराब ठरलेल्या जागेतला मोह मात्र घराचे पोट भरायला हातभार लावतो. कायद्यातले पोटकलम, समाजातली पोटजात, राजकारणातली पोटनिवडणूक यांत पोट म्हणजे मोठ्यात सामावलेले लहान.

पोटी : याच शब्दाचे हे रूप कारण किंवा मोबदला दाखवते : मायेपोटी, भीतीपोटी, मजुरीपोटी.