‘डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री’: पाळकांची ही डॉक्टरेट नेमकी असते तरी काय?

नावात मिनिस्ट्री असली तरी या पदवीचा मंत्रालयाशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘मिनिस्टर’ म्हणजे सेवक. ख्रिस्ती परिभाषेत मिनिस्ट्री म्हणजे सेवाकार्य. रविवारची उपासना चालवणं, उपदेश करणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, लग्न लावणं, दफनविधी करणं, असं सगळं त्यात येतं. हे काम काही वर्षं करून झालेल्या पाळकांसाठी असलेली व्यावसायिक डॉक्टरेट म्हणजे डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री, थोडक्यात डीमिन.

ही पदवी मूळची अमेरिकेतली. 1960च्या दशकात तिथल्या सेमिनऱ्यांमध्ये, म्हणजे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयांमध्ये, एक जुनी खंत होती. पदवी घेतल्यावर आणखी तीन वर्षं शिकूनही पाळकाच्या हातात पडायची ती ‘बॅचलर ऑफ डिव्हिनिटी’, म्हणजे पुन्हा बॅचलरच. त्याच सुमारास कायद्याच्या महाविद्यालयांनी आपल्या एलएलबीचं नाव बदलून ‘ज्युरिस डॉक्टर’ करायला सुरुवात केली होती. मग पाळकांनीच मागे का राहावं? शिकागो आणि क्लेअरमाँटमध्ये थेट डॉक्टरेटपर्यंत नेणारे अभ्यासक्रम सुरू करून पाहिले गेले. पुढे वेगळी वाट रुळली. बॅचलरच्या पदवीचं नाव मास्टर ऑफ डिव्हिनिटी (एमडिव) झालं आणि डीमिन ही आधीच सेवेत असलेल्यांची पदवी ठरली. थोडक्यात, तिच्या जन्मातच शिक्षणाइतकाच मानाचाही प्रश्न होता, आणि तो आजही तिची पाठ सोडत नाही.

पीएचडी आणि डीमिनमध्ये फरक काय?

पीएचडी करणारा एखाद्या विषयात नवी भर घालतो. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर यांच्या नावामागचं ‘डॉक्टर’ या प्रकारातलं होतं. 1955 मध्ये बोस्टन विद्यापीठातून त्यांनी ईश्वरविज्ञानात पीएचडी मिळवली. डीमिन करणारा मात्र स्वतःच्या कामातला प्रश्न घेऊन येतो आणि त्याच कामात उत्तर शोधतो. ‘डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी’ (डीडी) हे तिसरंच प्रकरण. अमेरिकेत ती बहुतांशी मानद पदवी असते, त्यासाठी वर्गात बसावं लागत नाही.

म्हणून डीमिनला प्रवेश घेताना साधारणपणे एमडिव किंवा तिच्या तोडीची पदवी आणि काही वर्षांचा, अनेक ठिकाणी किमान तीन वर्षांचा, सेवेचा अनुभव मागतात. विद्यार्थी नोकरी सोडत नाहीत. वर्षातून एक-दोनदा आठवडा-दोन आठवडे एकत्र जमायचं, दिवसभर वर्ग करायचे आणि उरलेलं वाचन-लेखन घरून करायचं. तीन ते सहा वर्षं लागतात. अर्थात, शनिवारी रात्री उपदेशाची तयारी आणि प्रबंधाचं प्रकरण दोन्ही समोर असेल तर काय मागे पडतं, हे वेगळं सांगायला नको.

खरी परीक्षा: स्वतःच्याच मंडळीचा अभ्यास

शेवटचा प्रकल्प हा या पदवीचा गाभा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत उपासना मराठीतून होते, पण इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं हळूहळू यायची बंद होत आहेत. पाळक सहा महिने दोन्ही भाषांतून बायबल अभ्यास घेतात, आधी आणि नंतर मुलाखती घेतात, काय बदललं आणि काय नाही ते नोंदवतात. मग त्या अनुभवाची ईश्वरविज्ञान आणि समाजशास्त्र यांच्याशी सांगड घालून प्रबंध लिहितात.

ऐकायला सोपं वाटतं, पण इथेच मोठी गोम आहे. पाळकांनी स्वतःच विचारलं, “कार्यक्रम कसा वाटला?” तर तोंडावर वाईट कोण सांगणार? त्यामुळे मुलाखती बाहेरच्या माणसाकडून घेणं, उत्तरं निनावी ठेवणं असे उपाय करावे लागतात. त्याहून अवघड प्रश्न गोपनीयतेचा. दुःखात असलेल्या बाईने पाळकाजवळ मन मोकळं केलं, ते संशोधकाला ‘माहिती’ दिली म्हणून नव्हे. ते प्रबंधात वापरता येत नाही. नाव बदलूनही भागत नाही, कारण चाळीस कुटुंबांच्या मंडळीत कोण कोण आहे हे सगळ्यांना कळतं. अमेरिकी संस्थांमध्ये माणसांवरच्या अशा संशोधनाला सहसा नैतिकता समितीची मंजुरी आणि सहभागींची लेखी संमती लागते.

भारतातून करायची तर?

भारतात प्रोटेस्टंट सेमिनऱ्यांच्या पदव्यांचं मोठं छत्र म्हणजे बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची सिनेट. (मूळ नाव श्रीरामपूर, पण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे.) 1818 मध्ये हे कॉलेज काढणाऱ्यांपैकी विल्यम कॅरी यांचं मराठीशी थेट नातं आहे. त्यांचं मराठी व्याकरण 1805 मध्ये तिथेच छापलं गेलं. पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी याच सिनेटशी संलग्न आहे.

या सिनेटची पदवी अजूनही बीडी याच नावाने मिळते. त्यामुळे परदेशात अर्ज करताना ती एमडिवच्या बरोबरीची धरणार का, हे संबंधित सेमिनरीला आधीच विचारलेलं बरं. दुसरी गोष्ट पैशाची. पीएचडीला अनेक ठिकाणी विद्यावेतन मिळतं. डीमिनचा विद्यार्थी कमावता गृहीत धरलेला असतो, त्यामुळे मदत कमी मिळते. छोट्या मंडळीच्या पगारावर डॉलरमधली फी भरणं ही सोपी बाब नाही. शिवाय प्रकल्प स्वतःच्या कामावर असल्यामुळे सगळं सोडून तीन वर्षं अमेरिकेत जाऊन राहिलं, तर अभ्यास करायचा तरी कोणाचा? इथे राहून, काही भाग ऑनलाइन करता येणारा अभ्यासक्रम म्हणूनच जास्त सोयीचा पडतो. सेमिनरीत प्राध्यापक व्हायचं असेल तर मात्र पीएचडीचाच रस्ता धरलेला चांगला, डीमिन बहुतेकदा तिथे पुरत नाही.

नाव ‘डॉक्टर’, पदवी कसली?

रेव्हरंडच्या पुढे ‘डॉ.’ लागलं की वजन वाढतं, आणि या हौसेवर दुकानं चालतात. देणगी भरा, हॉलमध्ये गाऊन घालून फोटो काढा, झाली डॉक्टरेट. भारतात पदवी कोण देऊ शकतं हे यूजीसी कायदा, 1956च्या कलम 22 मध्ये दिलेलं आहे. केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था, बस. सेरामपूरमागे 1918चा कायदा आहे. ट्रस्ट म्हणून नोंदणी झाली म्हणजे पदवी देण्याचा अधिकार मिळाला, असं होत नाही.

अमेरिका आणि कॅनडातली सेमिनरी असेल तर ‘असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स’च्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहता येते. संस्थेच्या स्वतःच्या माहितीपत्रकात ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ लिहिलं आहे एवढ्यावर जाऊ नये. मान्यता कोणी दिली ते विचारावं, कारण बोगस संस्था कधीकधी मान्यता देणारी संस्थासुद्धा स्वतःच काढतात.