वाळूखालचा आवाज

रात्री दीडच्या सुमाराला हॉलमधून ‘टक्’ असा आवाज आला आणि मी अंथरुणातून उडालोच. शंभर लिटर खारं पाणी आणि खालच्या मजल्यावर घरमालक! टँकची काच तडकली असणार. मोबाइलचा टॉर्च लावून चारही बाजू तपासल्या, ओल कुठेच नव्हती. पुन्हा ‘टक्’. आवाज वाळूखालून येत होता. तिथे दोन दिवसांपूर्वी आणलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी पिस्तूल कोळंबी होती.

या आवाजाने गोंधळलेला मी पहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदल पाण्याखाली कान लावून बसलं होतं. शत्रूच्या पाणबुडीची चाहूल घ्यायची, तर उथळ, उबदार समुद्रात कढईत मोहरी फुटावी तशी सतत तडतड. सॅन डिएगोतल्या संशोधकांनी तिचा उगम शोधला: असंख्य पिस्तूल कोळंब्या. १९४७ साली मार्टिन जॉन्सन, आल्टन एव्हरेस्ट आणि रॉबर्ट यंग यांनी त्यावर निबंध लिहिला. जिथे खडक, प्रवाळ आणि शिंपल्यांचा खच, तिथे ही तडतड जास्त.

आवाज नांग्या एकमेकांवर आपटून होतो, असा समज पुढेही बरीच वर्षं टिकला. २००० साली डच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेरा लावला, तेव्हा खरा प्रकार कळला. नांगी मिटताना पाण्याची जोरदार धार सुटते, तिच्यात बुडबुडा तयार होतो आणि तो कोसळताना आवाज होतो. त्या क्षणी बुडबुड्याच्या आत किमान ५,००० केल्व्हिन तापमान असतं, असं त्यांनी पुढच्या वर्षी दाखवलं.

एवढं हत्यार बाळगणाऱ्या या प्राण्याची नजर मात्र अधू. वाळूत राहणाऱ्या काही जाती म्हणूनच गोबी माशासोबत राहतात. (कोकणातल्या खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी या गोबींचीच नातलग.) बीळ कोळंबी खणते, राखण मासा करतो. ती वाळू ढकलत बाहेर आली की तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. त्याने शेपटी थरथरवली, की ती आत. धोका आणखी जवळ आला, की मासाही सूर मारून तिच्या मागे.

हे नातं शास्त्राच्या नजरेत भरायला वेळ लागला, कारण जाळं उपसलं की ते तुटतं. मासा एका बरणीत, कोळंबी दुसऱ्या. ते नीट बघायला माणसाला समुद्राच्या तळाशी गुपचूप थांबता यायला हवं होतं. १९४३ साली कूस्तो आणि गान्याँ यांनी पाठीवर हवा घेऊन बुडी मारण्याचं साधन तयार केलं. १९५८ साली वोल्फगांग लूथर यांनी तांबड्या समुद्रातल्या अशा जोडीबद्दल लिहिलं. सत्तरच्या दशकात एलातजवळ इलान कार्पलुस यांनी मिशी आणि शेपटीची ही भाषा बारकाईने नोंदवली.

माझ्या टँकमधल्या दोघांचं आडनाव एकच आहे. अँब्लिएलिओट्रिस रँडली हा गोबी १९७८ साली नोंदला गेला, अल्फिअस रँडली ही कोळंबी १९८० साली. नावं देणारे शास्त्रज्ञ वेगळे, पण दोन्ही नावं जॉन रँडल (१९२४–२०२०) या मत्स्यतज्ज्ञाच्या सन्मानार्थ.

हे सगळं मी उशिरा वाचलं. गेल्या वर्षी मी नुसता गोबी आणला होता. दिसायला छान, म्हणून. एकटा गोबी जगतो, पण माझ्या टँकमध्ये त्याला शिरायला धड बीळही नव्हतं आणि वर झाकण नव्हतं. बिथरलेला मासा उडी मारतो, हे मला तिसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर कळलं. चूक सगळी माझी होती. दुकानात तो सुट्टा मिळाला, म्हणून मी त्याला सुट्टाच समजलो होतो.

या वेळी दोघांना आणलं. खणण्यामुळे दगड ढासळू नयेत म्हणून ते आधी थेट तळाच्या काचेवर बसवले, मग भोवती वाळू आणि प्रवाळाचे तुकडे पसरले. वर जाळीचं झाकण. तरी गोबी तीन दिवस पंपामागे दडून होता. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन टँकसमोर बसलो, तर तो बिळाच्या तोंडाशी. आतून वाळूचा एक ढीग बाहेर आला, मागोमाग कोळंबी, आणि तिची मिशी त्याच्या शेपटीवर.

चहा निवला. मी हललो नाही. हललो असतो तर त्याने शेपटी थरथरवली असती.