पुणेकरांचे पहिले लंडन : काय पाहावे, कसे पाहावे

परदेशवारी ही आता पुणेकरांना अप्रूपाची गोष्ट राहिलेली नाही. मुलगा किंवा मुलगी नोकरी-शिक्षणानिमित्त इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यामुळे वयाच्या साठीनंतर प्रथमच विमानात बसणारी दांपत्ये कोथरूड, सहकारनगर, औंध अशा भागांत घरोघरी आढळतात. युरोपच्या सहलीची सुरुवात लंडनने करणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. मात्र हाती असलेले चार-पाच दिवस आणि गाठीचे पैसे यांचा मेळ घालताना नवख्या प्रवाशाची धांदल उडते. काही स्थळे धावत पाहिली जातात, काही राहून जातात आणि मराठी माणसाच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तू तर बहुधा यादीतच नसतात. पहिल्यांदा लंडनला जाणाऱ्यांसाठी ही माहिती.

निघण्यापूर्वी

ब्रिटन 'शेंगेन' गटात नाही. त्यामुळे लंडनबरोबर पॅरिस किंवा स्वित्झर्लंडही पाहायचे असल्यास दोन स्वतंत्र व्हिसा लागतात. एका व्हिसावर दोन्हीकडे जाता येईल, या समजुतीत राहिल्यास ऐनवेळी सहल कोलमडते. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी ऑनलाइन भरता येतो. त्यानंतर बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी व्हिसा केंद्रात जावे लागते. हे केंद्र पुण्यातही आहे. निर्णयास साधारण तीन आठवडे लागतात. उन्हाळी सुटीत गर्दी असल्याने घाई करू नये.

लंडनचे थेट विमान मुंबईहून मिळते. उड्डाणाला सुमारे दहा तास लागतात. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेचार, तर हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. मे ते सप्टेंबर हा काळ पहिल्या भेटीसाठी उत्तम. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, उलट डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. उन्हाळ्यातही पाऊस केव्हाही येतो, म्हणून छत्री आणि स्वेटर सोबत असावाच. तेथील विजेच्या खटक्यांना तीन चौकोनी पिना लागतात, तसा ॲडॉप्टर येथूनच न्यावा. परदेशी पाहुण्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास खर्च मोठा येतो. ज्येष्ठांनी प्रवास विमा टाळू नये आणि नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

शहरात फिरताना

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. ही जगातील पहिली भुयारी रेल्वे. स्थानिक लोक तिला 'ट्यूब' म्हणतात. शहराचे वाहतुकीसाठी वर्तुळाकार विभाग पाडलेले आहेत आणि बहुतेक प्रेक्षणीय स्थळे पहिल्या व दुसऱ्या विभागात येतात. 'ऑयस्टर' कार्ड किंवा स्पर्शविरहित बँक कार्ड फाटकावर टेकवले, की भाडे वजा होते. दिवसभरात कितीही फेऱ्या केल्या तरी एका मर्यादेपलीकडे पैसे कापले जात नाहीत. मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना एकच कार्ड टेकवावे. नवरा-बायकोने एकाच कार्डावर प्रवास करता येत नाही, प्रत्येकाचे वेगळे कार्ड हवे. दुमजली लाल बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतले जात नाहीत.

हीथ्रो विमानतळावरून शहरात येण्यासाठी पिकॅडिली मार्गावरील ट्यूब स्वस्त पडते. मे २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन तिच्यापेक्षा जलद आहे. जिने चढण्याचा त्रास असणाऱ्यांनी ट्यूबऐवजी बसचा विचार करावा, कारण अनेक जुन्या स्थानकांवर लिफ्ट नाही. ट्रॅफल्गार चौकातून निघणारी १५ क्रमांकाची बस सेंट पॉल कॅथीड्रलवरून टॉवर ऑफ लंडनकडे जाते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाल्यास साध्या तिकिटात शहराचा मोठा भाग पाहून होतो. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभे राहावे, डावी बाजू घाईने जाणाऱ्यांसाठी मोकळी सोडण्याची तेथे शिस्त आहे. रस्त्यात मोबाइल हातात धरून उभे राहू नये. दुचाकीवरून येऊन तो हिसकावणाऱ्यांचा उपद्रव मोठा आहे.

न चुकविण्याची स्थळे

पहिला दिवस वेस्टमिन्स्टरसाठी ठेवावा. संसद भवनालगतचा घड्याळाचा मनोरा 'बिग बेन' नावाने जगभर ओळखला जातो. वास्तविक ते नाव आतील घंटेचे आहे. ९६ मीटर उंचीच्या या मनोऱ्याला २०१२ पासून 'एलिझाबेथ टॉवर' म्हणतात. समोरच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये १०६६ पासून राज्याभिषेक होत आले आहेत. रविवारी येथे केवळ उपासना असते, पर्यटकांना प्रवेश नसतो. सेंट पॉल कॅथीड्रललाही हाच नियम आहे. तेथून चालत बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत जाता येते. पहारेकऱ्यांच्या बदलाचा सोहळा सकाळी ११ च्या सुमारास होतो. तो रोज नसल्याने वार आधी पाहून घ्यावा.

दुसरा दिवस टेम्सकाठच्या टॉवर ऑफ लंडनला द्यावा. अकराव्या शतकात विजेत्या विल्यमने बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात राजघराण्याची रत्ने ठेवलेली आहेत. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर ब्रिटिशांच्या हाती गेलेला कोहिनूर येथेच आहे. बहुतेक भारतीय पर्यटक त्याच्यासाठी येतात आणि सरकत्या पट्ट्यावर उभे राहून काही क्षणांत पुढे जातात. गर्दी वाढण्यापूर्वी, सकाळी दार उघडताच प्रथम रत्नांच्या दालनात जावे. शेजारचा टॉवर ब्रिज १८९४ चा आहे.

तिसरा दिवस संग्रहालयांचा. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या सर्वांत कायमस्वरूपी दालनांना प्रवेशमूल्य नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ पाहायला मिळतो. याच संग्रहालयाच्या मालकीची वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आणली गेली आणि प्रथम साताऱ्यात प्रदर्शनात मांडली गेली. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून ती इंग्लंडला पोहोचली. शिवछत्रपतींनी अफजलखानाविरुद्ध वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असे संग्रहालयाचे म्हणणे आहे.

उंचावरून शहर पाहण्यासाठी १३५ मीटर उंचीचा 'लंडन आय' पाळणा आहे. त्याचे तिकीट महाग वाटत असेल, तर फेनचर्च स्ट्रीटवरील 'स्काय गार्डन'मध्ये विनामूल्य जाता येते, मात्र आगाऊ नोंदणी करावी लागते. वेळ उरल्यास टेम्समधून बोटीने ग्रिनिचला जावे. तेथील वेधशाळा १६७५ ची असून, जगाची शून्य रेखावृत्त रेषा तेथूनच जाते.

मराठी पाऊलखुणा

एक दिवस मात्र राखून ठेवावा, तो मराठी माणसांच्या लंडनसाठी. या शहराशी महाराष्ट्राचा संबंध नोकऱ्यांच्या निमित्ताने जडलेला नाही. न्याय मागण्यासाठी येथे येणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना १८३९ मध्ये पदच्युत केल्यानंतर त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला आले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. यश न मिळता ते परतले.

लोकमान्य टिळक १९१८ च्या अखेरीस लंडनला पोहोचले ते व्हॅलेंटाइन चिरोलविरुद्धच्या अब्रूनुकसानीच्या दाव्यासाठी. १९१९ मध्ये दाव्याचा निकाल विरोधात गेला. तरीही टिळकांनी स्वराज्याच्या प्रचारासाठी वर्षभर तेथे मुक्काम केला. मेडा व्हेल भागातील '१०, हॉली प्लेस' या त्यांच्या निवासस्थानावर १९६१ मध्ये स्मृतिफलक बसविण्यात आला. जवळचे स्थानक वॉरविक ॲव्हेन्यू.

तेथून चॉक फार्म स्थानकाला यावे. '१०, किंग हेन्रीज रोड' या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स'मधील संशोधन आणि बॅरिस्टरीचे शिक्षण ते एकाच वेळी करीत होते. ही वास्तू विक्रीला निघाल्यावर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ती विकत घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. मात्र निवासी घराचा वापर संग्रहालय म्हणून करण्यास स्थानिक कॅमडेन कौन्सिलने परवानगी नाकारली. सार्वजनिक चौकशीनंतर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला. स्मारकाचे अस्तित्वच पणाला लागले होते, हे ध्यानात घेतले तर या घराच्या पायऱ्या चढताना वेगळी भावना येते. भेटीच्या वेळा आधी पाहून जावे.

तिसरे ठिकाण हायगेटमधील '६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू'. श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये येथे 'इंडिया हाऊस' हे विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. फर्गसन महाविद्यालयातून पदवी घेतलेले स्वातंत्र्यवीर विनायक दामोदर सावरकर टिळकांच्या शिफारशीने शिष्यवृत्ती मिळवून १९०६ मध्ये येथे दाखल झाले. १३ मार्च १९१० रोजी त्यांना व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली. घरावर स्मृतिफलक आहे. मात्र हे घर खासगी असल्याने ते रस्त्यावरूनच पाहावे, रहिवाशांना त्रास देऊ नये. ऑल्डविच येथील भारतीय उच्चायुक्तालयाच्या इमारतीचे नावही 'इंडिया हाऊस'च आहे. पत्ता विचारताना हा घोटाळा हमखास होतो.

चॅन्सरी लेन स्थानकाजवळच्या 'ग्रेज इन'मध्ये सावरकर आणि आंबेडकर दोघेही कायदा शिकले. आंबेडकर बॅरिस्टर झाले. परीक्षा उत्तीर्ण होऊनही सावरकरांना मात्र त्यांच्या राजकीय कार्यामुळे ती सनद नाकारण्यात आली.

खाणे आणि आपली माणसे

शाकाहारी प्रवाशांची लंडनमध्ये अडचण होत नाही. युस्टन स्थानकामागील ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय शाकाहारी उपाहारगृहे आहेत. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गुजराती, तर साउथॉलमध्ये पंजाबी पदार्थ मिळतात. नीसडेन येथील १९९५ मध्ये उघडलेले संगमरवरी स्वामीनारायण मंदिरही पाहण्यासारखे आहे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याने बाटल्यांवर खर्च करण्याचे कारण नाही. उपाहारगृहाच्या बिलात सेवाशुल्क आधीच लावलेले असते, ते पाहूनच वेगळी बक्षिसी द्यावी.

'केसरी'चे संपादक न. चिं. केळकर यांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये महाराष्ट्र मंडळ लंडनची स्थापना झाली. डॉलिस हिल भागात मंडळाची स्वतःची वास्तू आहे. गणेशोत्सव, दिवाळीच्या सुमारास लंडनमध्ये असणाऱ्यांनी तेथील कार्यक्रमांची चौकशी जरूर करावी.

थोडक्यात, पाच दिवसांत लंडन 'संपत' नाही. पु. ल. देशपांडे यांच्या १९६० मधील 'अपूर्वाई'ने मराठी वाचकांना हे शहर घरबसल्या दाखविले, तेही घाई न करता. दिवसाला दोनच स्थळे ठरवावीत, मध्ये एखाद्या बागेतल्या बाकावर विसावावे आणि एक सकाळ हॉली प्लेसच्या त्या फलकासमोर काढावी. गायकवाड वाड्यातून निघालेला माणूस सातासमुद्रापार कोणत्या घरात राहून स्वराज्याची बाजू मांडत होता, हे तेथे उभे राहिल्यावरच उमगते.